हजारी किती बाळं दगावली?
समाजाचं आरोग्य एका आकड्यात पाहायचं, तर तो आकडा म्हणजे अर्भकमृत्युदर: हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. आईचा आहार, शिक्षण, पाणी, रस्ते, सारं त्यात उमटतं. पण घरीच जन्मून घरीच गेलेलं बाळ अनेकदा दप्तरात येत नाही. म्हणून गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावोगावी जन्म-मृत्यू नोंदवले. १९८८ साली दर निघाला हजारी १२१. पुढं ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेतली. इतर गावांच्या तुलनेत तिथले नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. मोजलं, म्हणून वाचवता आलं. घरातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत अवश्य नोंदवा.