पाण्याकांठची ओळख



गळ टाकून मासे धरणें हा उद्योग पुण्याच्या पांढरपेशा घरांतून अजूनहि फारसा प्रतिष्ठित मानला जात नाहीं. ज्याला दुसरें काम नाहीं तो पाण्याकांठीं बसतो, अशी आपली एक समजूत आहे. तिच्याविरुद्ध चार शब्द बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे. तो एवढ्याचसाठीं कीं, कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळूसोबत्याबरोबर पाषाणच्या तळ्यावर मीं पुष्कळ संध्याकाळी घालविल्या आहेत.

हें तळें इंग्रजी अमदानींत रामनदी अडवून बांधलेलें. गणेशखिंडींत आज जेथें विद्यापीठ आहे, तेथील गव्हर्नरच्या निवासस्थानाला येथून पाणी जाई. माझा स्नेही भोई कुळांतला. त्याचें साहित्य अगदीं साधें: बांबूची काठी, दोरी, गळ, तरंगण्यासाठीं बुचाचा तुकडा आणि आमिषाला गांडुळें. मी गळ टाकीत नसें. डबा सांभाळण्याचें काम माझें. बूच नुसतें थरथरलें, कीं खालीं कोण आलें आहे हें तो सांगे. आमिष हलकेच कुरतडणारा मासा निराळा आणि एका हिसड्यासरशीं बूच ओढून नेणारा निराळा. शिंगटी वर आली म्हणजे मला तो हात लावूं देत नसे. "अरे, दूर हो, तिच्या परांचा कांटा लागला तर रात्रभर झोंप यायची नाहीं," असें म्हणून तिला फडक्यांत धरून तो गळ सोडवी. एकदां मरळीच्या पिलांचा तांबूस थवा पाण्यावर दिसला, तेव्हां त्यानें मुकाट्यानें दोरी गुंडाळली. अशा थव्याखालीं आईबाप राखण करीत असतात, आणि त्यांना धरलें तर सगळी वीण जाते, हें त्याला घरच्या वडील माणसांनीं शिकविलें होतें.

त्याच्या तोंडीं जीं नांवें होतीं त्यांचा इतिहासहि मोठा मौजेचा आहे. साइक्स नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी १८२४ पासून १८३१ पर्यंत मुंबई सरकारसाठीं दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करीत होता. येथील माशांचें वर्णन त्यानें १८३९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलें, आणि नव्या जातींचें नामकरण करतांना येथें रूढ असलेलीं नांवें पुष्कळदां जशींच्या तशीं उचललीं. पुण्याजवळच्या मुळामुठेंतील महासीर शास्त्रीय ग्रंथांतून आज ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. आणि ‘मिस्टस शिंगटी’ ही तर माझ्या मित्राचीच शिंगटी! लॅटिनच्या पंक्तीला आपली मराठी अशी मानानें जाऊन बसली.

परंतु ग्रंथांत नांव राहिलें म्हणजे पाण्यांत मासा राहिला असें नव्हे. रामनदींतून तळ्यांत सांडपाणी येऊं लागलें, वर जलपर्णी माजली, आणि अलीकडे गळाला लागे ती बहुधा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. त्याची मादी अंडीं तोंडांत धरून जपते आणि गढूळ पाण्यांतहि तो तग धरतो, म्हणून त्याची पैदास सहज होते. खुद्रीचें तसें नाहीं. तिला वाहतें, स्वच्छ पाणी लागतें. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर तिची पिलें वाढविण्याचें काम हातीं घेतलें, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र बूच कसें हललें यावरून मासा ओळखणारा माणूस कोणत्याहि हौदांत वाढवितां येत नाहीं. माझ्या मित्राचा मुलगा शहरांत नोकरी करतो; त्याला एक चिलापी तेवढी ओळखतां येते.

म्हणून एवढीच विनंति आहे. मासे खाणें न खाणें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु अशा जाणत्या माणसाशीं आपला स्नेह असेल, तर एखाद्या रविवारीं मुलांना घेऊन त्याच्याबरोबर पाण्याकांठीं जाऊन बसावें, आणि तो जीं नांवें सांगेल तीं लिहून घ्यावींत.