अर्भकाच्या डोळ्याचा दाब : आकडा आणि निदान

(उत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



डोळ्यांचे दुखणे बरे व्हावे म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहण्याची चाल गोव्यात व महाराष्ट्रात अनेक देवस्थानांत आढळते. दृष्टीचे मोल जाणणाऱ्या या समाजापुढे आज एक लहानसा परंतु जोखमीचा विषय ठेवावयाचा आहे. ज्या अर्भकाचे बुबुळच रोगट आहे त्याच्या डोळ्यातील दाब मोजावा कसा, आणि मिळालेल्या आकड्यावर कितपत विसंबावे, हा तो विषय होय.

डोळ्याच्या गोलात नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो व कडेच्या कोनातील सूक्ष्म जाळीतून तो झिरपून जातो. आवक चालू राहिली आणि निचरा तुंबला, की दाब चढतो. प्रौढ माणसात हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. नवजात बालकात त्याहून कमी. चढलेला दाब दृष्टीच्या नसेची हानी करतो, आणि त्या मार्गाने गेलेली दृष्टी पुन्हा मिळत नाही. हाच काचबिंदू. तो केवळ म्हातारपणाचा रोग, अशी समजूत आहे. पण निचऱ्याची वाट जन्मतःच अपुरी घडली असेल, तर पाळण्यातल्या मुलालाही तो गाठतो. पाश्चात्त्य देशांत असे मूल सुमारे १०,००० जन्मांत एक आढळते. आंध्र प्रदेशातील पाहणीत हे प्रमाण ३,३०० जन्मांत एक इतके दिसून आले. जवळच्या नात्यातील विवाह हे या वाढीचे एक कारण मानले जाते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी असलेल्या कुळांनी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अर्भकाच्या डोळ्याची भिंत कोवळी असते. दाब वाढला की ती ताणते आणि डोळा मोठा दिसू लागतो. ग्रीक वैद्यांच्या भाषेतून आलेल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘बैलाचा डोळा’ असा आहे. घरची माणसे मात्र ‘कसे टपोरे डोळे आहेत’ म्हणून कौतुक करतात! डोळ्यांतून सारखे पाणी येणे, उजेड न सोसणे, पापण्या घट्ट मिटून घेणे आणि बुबुळावर धुरकटपणा येणे ही त्याची लक्षणे होत.

परंतु धुरकट बुबुळ म्हणजे काचबिंदूच, असेही नव्हे. बाळंतपणात चिमटा लागून झालेली इजा, जंतुसंसर्ग, जन्मजात घडणीतील दोष किंवा आनुवंशिक विकार यांनीही बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, गढूळ होतो. शिवाय हे विकार आणि काचबिंदू एकत्रही नांदतात. पीटर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन्मदोषात तर जवळजवळ निम्म्या बालकांना काचबिंदूही होतो. म्हणून चूक दोन्ही बाजूंनी संभवते. दाब नसताना तो आहे असे मानले, तर अनावश्यक शस्त्रक्रिया. असताना नाही असे मानले, तर अंधत्व.

दाब मोजण्याची साधने शतकाहून जुनी आहेत. नॉर्वेच्या शिओट्झ यांनी १९०५ साली पारपटलावर वजन ठेवून ते किती दबते हे पाहणारे उपकरण केले. बर्न येथील गोल्डमन यांनी १९५० नंतरच्या दशकात पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास किती जोर लागतो, हे मोजण्याची रीत बसविली. पर्किन्स यांनी १९६५ मध्ये त्याच तत्त्वावर हाती धरण्याजोगे उपकरण केल्यामुळे निजलेल्या मुलाचा दाब मोजणे सुकर झाले. पुढे पेनासारखे दाबमापक आले. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या साधनात बारीक सळई पारपटलावर हलकेच आपटून परत उसळते. तिच्यासाठी डोळा बधिर करणारे थेंबही लागत नाहीत, त्यामुळे दूध पिणाऱ्या जाग्या बाळाचा दाबसुद्धा मोजता येतो.

ही सारी साधने पारपटलाच्या आडूनच आतल्या दाबाचा अंदाज घेतात, आणि खरी मेख येथेच आहे. गोल्डमन यांचे गणित सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या निरोगी पारपटलावर बेतलेले आहे. सुजेने ते भुसभुशीत झाले असेल, तर आकडा खऱ्याहून कमी येतो. व्रणाने घट्ट झाले असेल, तर तो जास्त येतो. एका आनुवंशिक विकारात पारपटल दुपटीहून जाड होते आणि दाब चढल्याचा भास होतो. तागडीच वाकडी असेल, तर वजनाचा आकडा काय कामाचा?

त्यातच मूल रडले, कुंथले, की दाब चढतो. भूल द्यावी, तर श्वासावाटे दिलेल्या बहुतेक भुलींनी तो उतरतो आणि श्वासनलिकेत नळी घालताना पुन्हा वाढतो. म्हणून मूल झोपी जाताच, नळी घालण्यापूर्वी मोजणी उरकण्याची दक्षता घेतली जाते.

यासाठी जाणता नेत्रवैद्य एका आकड्यावर निकाल देत नाही. पारपटलाचा जो भाग त्यातल्या त्यात नितळ असेल, तेथे तो लहान टोकाचे साधन लावतो, पुनःपुन्हा मोजतो व दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहतो. पारपटलाची जाडी व रुंदी तो मोजतो. जन्मवेळी ही रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते; पहिल्या वर्षात ती १२ च्या पुढे गेली, तर काचबिंदूचा दाट संशय घ्यावा लागतो. आतले दिसत नसेल, तर ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजली जाते. दाब आज किती, याहून डोळा महिन्यामहिन्याने वाजवीपेक्षा अधिक वाढतो आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा अधिक खरे सांगतो. पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया करावयाची असली, तरी दाब आधी ताब्यात असावा लागतो. नाहीतर बसविलेले पारपटल व दृष्टी दोन्ही धोक्यात येतात.

या कामात घरच्यांचाही वाटा आहे. ‘मागच्या खेपेस दाब ठीक होता, आता पुन्हा भूल कशाला?’ असे म्हणून तपासणी टाळू नये. ताणत चाललेला डोळा अशा तपासण्यांतूनच ध्यानात येतो. तान्ह्या मुलाच्या डोळ्याला पाणी येत असेल, तर काजळ, दूध वा झाडपाला घालीत दिवस दवडू नयेत. नवस अवश्य बोलावा, चांदीचे डोळे श्रद्धेने वाहावेत. पण त्याच आठवड्यात मुलाला नेत्रवैद्याकडे न्यावे. वेळीच शस्त्रक्रिया झालेल्या अनेक बालकांची दृष्टी वाचते. देवाचे रूप डोळे भरून पाहण्याचा अधिकार त्यांनाही आहे, आणि तो राखणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.