योनाचा चौथा अध्याय



स्वागत समितीच्या वतीने अहिल्यानगरमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या नगरमध्ये, गावोगावच्या मंडळ्यांतून आलेल्या तुम्हा शिक्षक बंधुभगिनींचं मी मनापासून स्वागत करते. रात्रीच्या एसटीने उभ्याने प्रवास करून आलेले काहीजण इथे आहेत, शेतातली कामं टाकून आलेलेही आहेत. निवासाची, जेवणाची व्यवस्था आमच्या तरुण संघाने आणि महिला मंडळाने हौसेने केली आहे. काही उणं पडलं तर त्यांना हक्काने सांगा.

या गावाला शिकवण्याची परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली इथे ठाणं मांडलं, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच निघालं. रेव्ह. नारायण वामन टिळक इथे राहिले, इथे त्यांनी शिकवलं. पण आजच्या विषयासाठी, म्हणजे मोठ्या मुलांना आणि प्रौढांना शिकवण्यासाठी, मला आठवण काढायची आहे ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरातच. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. मोठ्या वयात माणूस काय शिकणार, असं आपल्या मंडळीत कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आपल्या शब्बाथ शाळांचं मला कौतुक आहे. लहान मुलांना गाणी, चित्रं, कथा सगळं मिळतं. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी मूल वर्गातून सुटतं, दृढीकरणाच्या वेळी पाठांतरापुरतं परत येतं आणि मग त्याच्या वाट्याला उरतो तो रविवारचा संदेश. संदेश हवाच. पण त्यात हात वर करता येत नाही. ज्या वयात प्रश्न पडायला लागतात नेमक्या त्याच वयात प्रश्न विचारायची जागा आपण काढून घेतो, आणि मुलं उपासनेला का येत नाहीत म्हणून चिंता करतो. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात कुठे सापडतो? गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा.

योनाचं पुस्तक घ्या. चार अध्याय, अठ्ठेचाळीस वचनं. आपण शिकवतो मासा. योना पळाला, माशाने गिळलं, तीन दिवसांनी बाहेर टाकलं. पाच वर्षांच्या मुलाला तेवढं पुरे. पण पंधरा वर्षांच्या मुलीसमोरही आपण तोच मासा ठेवतो! तिच्यासाठी खरं पुस्तक चौथ्या अध्यायात आहे. शत्रूचं शहर वाचलं म्हणून संदेष्टा रागावतो, मरण मागतो, सावली देणारा वेल वाळला म्हणून पुन्हा चिडतो. आणि पुस्तक संपतं देवाने विचारलेल्या प्रश्नावर, योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. हा अध्याय वर्गात दोनदा मोठ्याने वाचून घ्या आणि एवढंच विचारा : योनाचं चुकलं कुठे? आणि मग गप्प बसा. पहिली दोन मिनिटं कुणी बोलणार नाही. शिक्षकाची परीक्षा त्या दोन मिनिटांत असते, कारण उत्तर आपल्या जिभेवर तयार असतं. ते गिळा. कुणीतरी हळूच म्हणेल, मला योनाचं बरोबर वाटतं, ज्यांनी आपल्याला छळलं त्यांना माफी का? तिथे धडा सुरू होतो. त्या मुलाला गप्प करू नका. त्याच्या मनातला राग खरा आहे, आणि त्याच्याशी बोलायलाच ते पुस्तक लिहिलं गेलं.

प्रौढांचं आणखी वेगळं आहे. त्यांना शिकवायला उभं राहणाऱ्याने आधी हे मान्य करावं की समोरच्या माणसाला आपल्याहून जास्त ठाऊक असू शकतं. रूथचा दुसरा अध्याय घ्या. कापणीमागे राहिलेली कणसं वेचणं, म्हणजे सरवा वेचणं, या जिल्ह्यातल्या किती बायांनी ज्वारी-बाजरीच्या रानात केलेलं आहे. परक्याच्या शेतात शिरताना छाती कशी धडधडते, मालकाची नजर कशी ओळखायची, हे कुठल्या भाष्यग्रंथापेक्षा त्या चांगलं सांगतील. त्यांना बोलू द्या. मग लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातला, शेताच्या कडा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायचा नियम वाचा. तो नियम त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पंडिता रमाबाईंनी हेच ओळखलं होतं. साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अखंड बायबल सोप्या मराठीत आणलं आणि ते काम पुरं करून 1922 मध्ये गेल्या. आज आपल्या घरांतली मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना जुनी मराठी भाषांतरं अडतात. त्यांना हसू नका, रागावूही नका. ज्या भाषेत त्यांना कळतं त्या भाषेत उतारा वाचू द्या आणि घरच्या मराठीत त्यावर बोलू द्या.

एक आणखी, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांना अर्थ सांगतात. एवढं आपण सगळे सांगतो. पण दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख पुन्हा एज्राकडे येतात, ते शास्त्र समजून घ्यायला बसतात आणि वाचलेलं ताबडतोब अमलात आणतात, मांडव घालतात. मोठ्यांचा वर्ग हा असा दुसऱ्या दिवशीचा असतो. आपल्याकडे तो दुसरा दिवस नाही.

पुढच्या दोन दिवसांत गटचर्चा आहेत, प्रात्यक्षिक पाठ आहेत. तिथे तुम्हीही प्रश्न विचारा, अडचणी लपवू नका. आणि घरी परतल्यावर आपल्या पाळकांकडे, वडीलजनांकडे एवढं मागा : उपासनेनंतरचा एक तास, एक खोली आणि तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला उघडं असलेलं दार. शिकवायला तुम्ही आहातच.