हिशेबनीस बॅटरीचा

मोबाइल २० टक्के शिल्लक दाखवतो आणि एकाएकी बंद पडतो. आपण बॅटरीला बोल लावतो. आम्ही म्हणतो, आधी तिचा हिशेबनीस तपासावा. घागरीत डोकावता येते, लिथियमच्या घटात नाही. विद्युतदाबावरून ओळखावे, तर मधल्या पल्ल्यात तो ३.७ व्होल्टांच्या आसपास रेंगाळतो. म्हणून आतली चिप येणारा-जाणारा प्रवाह मोजून जमाखर्च मांडते. बारीक चुका साठतात, वयाने घटही आटतो; वही मात्र जुनीच! ती जुळवायला भरवशाची ठिकाणे दोनच: भरलेला घट, बहुधा ४.२ व्होल्टांचा, आणि रिकामा, सुमारे ३ व्होल्टांचा. तेव्हा फोन पूर्ण भरावा, आपणहून बंद पडेपर्यंत वापरावा, पुन्हा सलग भरावा. याचे साप्ताहिक व्रत मात्र करू नये. वारंवार तळ गाठल्याने घट झिजतो. एवढे करूनही तो विसावरच बंद पडला, तर खुशाल नवी बॅटरी आणावी.