फाट्यावर राहिलेल्यांची मोजणी



तालुका खटावचा, पण तहसील कचेरी वडूजला. पंचायत समिती, न्यायालयही तिथंच. सातबाऱ्याचं काम असो, निराधार पेन्शनचं असो, नाहीतर कॉलेजचा प्रवेश असो, खटाव तालुक्यातल्या माणसाला येरळाकाठच्या या गावात यावंच लागतं. मायणी, कलेढोण, निमसोडकडची माणसं एका बाजूनं येतात, औंध-पुसेसावळीची दुसऱ्या बाजूनं, बुध-डिस्कळ-पुसेगावची तिसऱ्या बाजूनं. तालुका लांबरुंद, पाऊस कमी, वस्त्या विखुरलेल्या. अनेक घरांतला कर्ता माणूस मुंबईत माथाडी कामगार म्हणून नाहीतर परमुलखात सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात. गावात मागं राहतात म्हातारी माणसं, बायाबापड्या आणि शाळेत जाणारी पोरं. दारात दुचाकी असली तरी ती चालवणारा घरात नसतो. या सगळ्यांची मदार एसटीवर.

राज्य परिवहन महामंडळाच्या सातारा विभागात 11 आगारं आहेत, त्यांतलं एक वडूजचं. आज बोलायचं आहे ते या आगारानं आणि तुम्हीआम्ही एकमेकांशी कसं बोलावं याबद्दल.

1 जून 1948 रोजी पहिली एसटी नगरहून पुण्याला निघाली. तेव्हापासून ‘रस्ता तिथं एसटी’ हे ब्रीद महामंडळानं बऱ्याच अंशी खरं करून दाखवलं. रस्ता झाला की गावकरी पहिली मागणी करायचे ती गाडीची. मुक्कामी गाडी सुरू झाली की गाव मोठं झाल्यासारखं वाटायचं. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची सोय ग्रामपंचायत करायची, जेवणाचं कुणी ना कुणी बघायचं. त्या दिवसांत गाव आणि आगार यांच्यात वेगळ्या संवादाची गरजच नव्हती. गावाचं गाऱ्हाणं सकाळच्या पहिल्या फेरीबरोबर कंडक्टरच्या तोंडून आगारात पोहोचत असे.

आता काळ बदलला. गेल्या काही वर्षांत एसटीनं खूप काही सोसलं. करोनात गाड्या उभ्या राहिल्या. पुढं ऑक्टोबर 2021 अखेरपासून एप्रिल 2022 पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतला प्रवासी वडापकडं, म्हणजे खाजगी जीपगाड्यांकडं, गेला आणि त्यातला बराचसा तिकडंच रमला. त्याला परत आणण्यासाठी सरकारनं आणि महामंडळानं काही मोठे निर्णय घेतले. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट लागू झालं. या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. परिणाम कुठल्याही स्टँडवर दिसतो. पूर्वी घरातल्या एखाद्या कामासाठी पुरुषमाणसाची वाट बघत बसणारी बाई आता स्वतः दवाखान्याला, बाजाराला, माहेराला निघते. स्टँडच्या स्वच्छतेसाठी 2023 च्या महाराष्ट्रदिनापासून स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान सुरू झालं. जुन्या खिळखिळ्या गाड्यांच्या जागी 2,640 नव्या लालपरी घ्यायचं ठरलं आणि त्या हळूहळू रस्त्यावर येऊ लागल्या. जानेवारी 2025 मध्ये भाडं मात्र जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढलं, तेही खरंच.

प्रवाशाला परत आणण्याच्या प्रयत्नांतलाच एक उपक्रम म्हणजे ‘प्रवासी राजा दिन’. 15 जुलै 2024 पासून तो सुरू झाला. विभाग नियंत्रक म्हणजे जिल्ह्याचे एसटीचे सर्वांत मोठे साहेब. त्यांनी दर सोमवारी आणि शुक्रवारी एकेका आगारात जाऊन बसायचं. सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळात प्रवासी, शाळा-कॉलेजं, प्रवासी संघटना यांच्या तक्रारी आणि सूचना लेखी घ्यायच्या आणि शक्य तिथं जागच्या जागी निकाल लावायचा. दुपारी 3 ते 5 कर्मचाऱ्यांचं ऐकायचं. त्याला ‘कामगार पालक दिन’ असं नाव दिलं. कल्पना उत्तम आहे. प्रवाशाचा प्रश्न आणि कंडक्टरचा प्रश्न एकाच दिवशी एकाच साहेबांसमोर आले, तर दोन्हींतला दुवा त्यांच्या लक्षात येतो. गाडी थांब्यावर थांबत नाही ही प्रवाशाची तक्रार असते, आणि वेळापत्रकात दिलेल्या मिनिटांत फेरी पुरी होत नाही हे ड्रायव्हरचं दुखणं असतं. दोन्ही खरी.

पण या उपक्रमाची वेळ जरा डोळ्यांसमोर आणा. सोमवार किंवा शुक्रवार, सकाळी 10 ते 2. त्या वेळी शाळेतली मुलगी वर्गात असते. शेतमजूर बाई रानात असते, एक दिवस आली तर रोज बुडतो. म्हातारा माणूस दुपारच्या उन्हात स्टँडवर येऊन अर्ज लिहिणार कसा? शिवाय जिल्ह्यात 11 आगारं, आठवड्याला दोन धरली तर एका आगाराची पाळी यायला पाच-सहा आठवडे लागतात. मग त्या दिवशी साहेबांसमोर कोण येतं? ज्याला वेळ आहे, ज्याला लिहिता-बोलता येतं, तो. त्याची तक्रारही खोटी नसते. पण ज्याला एसटीची सर्वांत जास्त गरज आहे तो त्या खोलीत नसतो.

इथं आगाराची एक अडचण समजून घेतली पाहिजे. कंडक्टरच्या हातातलं तिकीटयंत्र फार हुशार आहे. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली, कुठं उतरली, किती फुल, किती हाफ, किती मोफत, सगळा हिशेब त्यात असतो. त्यावरून फेरीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, निघतं, प्रत्येक किलोमीटरमागचं उत्पन्न निघतं. फेरी चालू ठेवायची, वेळ बदलायची की बंद करायची, हे बरंचसं त्या आकड्यांवर ठरतं. पण हे यंत्र फक्त गाडीत बसलेल्यांना मोजतं. फाट्यावर उभं राहून गाडी न थांबल्यामुळं माघारी गेलेली माणसं त्यात येत नाहीत. गाडी 11 वाजता येते आणि शाळा साडेदहाला भरते म्हणून त्या गाडीची वाटच न बघणाऱ्या मुली त्यात येत नाहीत. संध्याकाळी परतीची गाडी नाही म्हणून सकाळी घरातून निघालीच नाही ती आजारी बाईही त्यात येत नाही. आगाराच्या कागदावर तिथं शून्य असतं, आणि शून्याचा अर्थ ‘इथं प्रवासी नाही’ असा लावला जातो. फेरी बंद होते. मग उरलेसुरलेही वडापला लागतात.

वडापवाल्यावर राग काढण्यात अर्थ नाही. एसटी नसते तेव्हा तोच येतो आणि त्याच्या घरातही चूल पेटायची असते. पण वडापमध्ये पास चालत नाही, हाफ तिकीट नाही, म्हाताऱ्याला मोफत नाही. गाडी भरल्याशिवाय तो हलत नाही, आणि भरली की दाराला लोंबकळत जावं लागतं. म्हणून ज्या गावाची एसटी बंद होते, त्या गावाच्या सवलतीही त्या दिवसापासून बंद होतात. योजना कागदावर चालू, गावात बंद.

यात्रेचं उदाहरण घ्या. डिसेंबरच्या सुमारास पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. चैत्रात शिखर शिंगणापूरला माणसांचा पूर लोटतो. अशा वेळी एसटी जादा गाड्या सोडते आणि ते काम ती वर्षानुवर्षं चोख करत आली आहे. कारण गर्दी डोळ्यांना दिसते. कातरखटाव किंवा म्हासुर्ण्याच्या बाजूच्या एखाद्या वस्तीवरच्या सहा मुली मात्र कुणाला दिसत नाहीत. सहा मुली म्हणजे गर्दी नव्हे. पण बारावीपर्यंत त्यांना पास मोफत आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ही योजना चालते. गाडीच वेळेवर नसेल तर मोफत पासाचं त्या काय करणार? दहावीनंतर त्यांचं नाव शाळेतून कमी होतं, आणि घरात कारण सांगितलं जातं, ‘जायची सोय नाही.’

मग यावर वाट कुठली? ती एसटीनंच दाखवली आहे. पूर्वी जून महिन्यात पाससाठी पोरांना स्टँडवरच्या खिडकीपुढं रांगा लावाव्या लागायच्या. तास बुडायचे. जून 2024 मध्ये महामंडळानं ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ अशी मोहीम काढली. शाळेनं यादी द्यायची, एसटीचे कर्मचारी शाळेत जाऊन पास देणार. म्हणजे प्रवाशानं आगारात जायच्या ऐवजी आगार प्रवाशाकडं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या पावली पास शाळेत गेला, त्याच पावली वेळापत्रकही शाळेत जाऊ द्या. पास देताना कर्मचाऱ्यानं प्रत्येक मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात. कुठल्या थांब्यावर चढतोस, किती वाजता पोहोचायचं असतं आणि परत जायला गाडी मिळते का. एका शाळेत अर्ध्या दिवसाचं काम आहे. जून संपायच्या आत वडूज आगाराच्या हातात अशी मोजणी येईल जी कुठल्याही तिकीटयंत्रात नाही.

दुसरी जागा ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या दिवशी गावोगाव ग्रामसभा होतात. तिथं गटार, दिवाबत्ती, पाणी यांवर भांडणं होतात, पण एसटीच्या वेळेवर ठराव क्वचित होतो. केरळमध्ये 2022 पासून ‘ग्रामवंडी’ नावाची योजना चालू आहे. तिथं ग्रामपंचायत गाडीच्या डिझेलचा खर्च उचलते आणि गाडी कुठल्या रस्त्यानं, किती वाजता जायची हे ठरवण्यात तिचा शब्द चालतो. आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या लहान ग्रामपंचायतींना हा खर्च झेपेलच असं नाही, आणि झेपावा असा माझा आग्रहही नाही. पण गाडीची वेळ गावानं ठरवायची असते, ही त्यातली मूळ गोष्ट घेण्यासारखी आहे. तिला डिझेल लागत नाही.

आता थोडं आपल्या बाजूबद्दल. आपली तक्रार बहुतेक वेळा अशी असते, ‘आमच्याकडं एसटीच येत नाही, कुणी लक्ष देत नाही.’ या वाक्यावर कुठलाही आगार व्यवस्थापक काहीही करू शकत नाही. तक्रार लिहिताना तारीख लिहा, थांब्याचं नाव लिहा, फेरी कुठून कुठं जाणारी होती आणि किती वाजताची होती ते लिहा. गाडीचा क्रमांक टिपून घ्या. अनेक गाड्यांवर सातारचा एमएच 11 सापडणार नाही. एसटीच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जात आल्या आहेत, त्यामुळं क्रमांक तिकडचे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी थांब्यावर किती माणसं उभी होती ते लिहा. ‘सकाळी सव्वानऊच्या फेरीला आमच्या फाट्यावर रोज नऊ विद्यार्थी, चार बाया आणि दोन म्हातारी माणसं असतात’ असं एक वाक्य दहा निवेदनांना भारी आहे. ते खरं असलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

मागणी करताना आगाराकडं गाड्या मोजक्या असतात हेही ध्यानात ठेवा. एकच गाडी सकाळी शाळेची फेरी करते, मग साताऱ्याला किंवा कराडला जाते, संध्याकाळी मुक्कामाला परत येते. तुमच्या गावची वेळ अर्ध्या तासानं अलीकडं ओढली की पुढच्या तीन गावांची वेळ हलते. म्हणून एकाच रस्त्यावरच्या चार गावांनी आधी आपसांत बसावं आणि एकच मागणी न्यावी. चार गावांच्या चार मागण्या गेल्या तर चारही बाजूला पडतात. आणि मागून घेतलेल्या गाडीत बसायचंही असतं. दहा मिनिटं आधी वडाप आला म्हणून त्यात चढायचं आणि महिन्यानं फेरी बंद झाली म्हणून रस्ता रोखायचा, हे बरोबर नाही.

आगाराकडूनही एक अपेक्षा आहे. प्रवासी राजा दिनाला आलेल्या अर्जांचं पुढं काय झालं, ते स्टँडवरच्या फलकावर लागलं पाहिजे. गाव, मागणी, निर्णय आणि नकार असेल तर त्याचं कारण. नकारालाही माणूस समजून घेतो, पण मौन त्याला समजत नाही. फलक वाचायला स्टँडवर रोज हजारो डोळे असतात, त्याला वेगळा खर्च येत नाही.

या तालुक्याला मागणी कशी करावी हे शिकवायची गरज नाही. ‘चले जाव’ चळवळीत 9 सप्टेंबर 1942 रोजी आसपासच्या गावांतली माणसं पायी चालत वडूजच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आली. गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. तेव्हाचं सरकार परकं होतं, त्याला ऐकायचंच नव्हतं. आजचं आगार आपलं आहे, साहेब स्वतः येऊन ‘सांगा’ म्हणतात. तेव्हा प्राण द्यावे लागले, आज एक नीट लिहिलेला कागद पुरतो. तोही आपण देणार नसू, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि बचत गटातल्या ताईंना माझी विनंती आहे. येत्या आठवड्यात आपल्या फाट्यावर सकाळ-संध्याकाळ एक माणूस उभा करा. गाडीत चढलेले किती आणि मागं राहिलेले किती, हे वहीत लिहा. पुढच्या प्रवासी राजा दिनाची तारीख आगारात विचारून घ्या, आणि त्या दिवशी ती वही घेऊन साहेबांसमोर जा. पोच घ्यायला विसरू नका.