ओतण्यापूर्वीचा करार

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत बिडाचे ओतकाम चालते. ओतणारा पुष्कळदा एक, कातणारा दुसरा. म्हणून भोकांच्या जागा व कातण्यासाठी सोडावयाची जाडी रस ओतण्यापूर्वीच ड्रॉइंगवर ठरावी लागते. बीड थिजल्यावर वाद घालून काय उपयोग?

संगणकाच्या कार्यप्रणालीचेही तसेच. आतले काम तिने कसेही करावे. परंतु फाइल उघडण्याची मागणी कोणत्या शब्दांत करावयाची, उत्तर कोणत्या रूपात यावयाचे, हा करार आधीचा. युनिक्सच्या निरनिराळ्या घराण्यांत तो जुळेना, म्हणून एकीवरील प्रोग्राम दुसरीवर अडे. अखेर १९८८ साली ‘पॉझिक्स’ हा लेखी करार झाला. १९९१ च्या जुलैत हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आपली प्रणाली रचीत असता त्याच कराराची प्रत शोधीत होता.