आखूड पल्ल्याचा वैमानिक

पंख्याच्या छोट्या विमानावरची नोकरी ही मोठ्या जेटची नुसती पूर्वतयारी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अशी विमाने बीडच्या जवळूनही उडाली आहेत. त्या जिल्ह्यात स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही. गेवराईला छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जवळ, परळीला नांदेड. त्याच नांदेडहून २७ एप्रिल २०१७ रोजी, केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक हवाई सेवा योजनेच्या पहिल्याच दिवशी, ट्रूजेट कंपनीच्या एटीआर-७२ विमानाची हैदराबादची सेवा सुरू झाली.

फ्रेंच-इटालियन बनावटीच्या एटीआरमध्ये इंजिनाची बहुतेक शक्ती पंखा फिरवण्यात जाते. त्यामुळे इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टी पुरते. वेग मात्र ताशी सुमारे ५०० किलोमीटर आणि उंचीची मर्यादा २५,००० फूट. वैमानिकाचे खरे कष्ट या उंचीपाशी सुरू होतात. मे-जूनमध्ये मराठवाड्यावर उभे राहणारे वळवाचे ढग ४०,००० फुटांच्याही वर जातात. त्यांच्यावरून जाणे एटीआरला शक्यच नाही. रडारवर पाहून वाट काढायची, नाहीतर मागे फिरायचे. थंड ढगात पंखांच्या कडेवर बर्फ धरतो. तेथील रबरी पट्ट्या फुगवून तो फोडावा लागतो. विमानाची चाके एकमेकांजवळ असल्याने आडवा वारा असताना उतरणे कसोटीचे ठरते.

फेरी जेमतेम तासाभराची, पण दिवसात तशा चार होऊ शकतात. दर वेळी हवामान, वजन आणि इंधन यांचा हिशेब नव्याने करायचा. लांब पल्ल्याच्या वैमानिकाला एका खेपेत उतरण्याची वेळ एकदाच येते. येथे हात रोज अनेकदा तयार होतो. विमान उभे असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात, इंजिन मात्र चालू ठेवतात. वीज आणि केबिनची हवा त्यातूनच मिळते, त्यामुळे साध्या विमानतळावरही काम भागते.

या वाटेवर बारावीला भौतिकशास्त्र व गणित, कडक वैद्यकीय तपासणी आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. बीडच्या मुलांना प्रशिक्षणासाठी बारामती फार दूर नाही. खर्च मोठा असतो, आणि एटीआरचे खास प्रशिक्षण पुढे वेगळे घ्यावे लागते. सुरुवात सहवैमानिक म्हणून होते. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १,५०० तास हवेत.

नोकरीची शाश्वती मात्र कमी. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. मार्च २०२४ पासून गोव्याची ‘फ्लाय९१’ एटीआर चालवते आहे. तिची विमाने सिंधुदुर्ग आणि जळगावलाही उतरली आहेत.